दमा आणि ॲलर्जी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण जगभरातल्या दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. औषधं इथेच बनतात आणि तालुक्याच्या गावीही मिळतात. ती न घेण्यामागची, अर्धवट घेण्यामागची आणि चुकीची घेण्यामागची कारणं बहुतेक वेळा खालच्या प्रश्नांतच सापडतात.

दमा म्हणजे नेमकं काय बिघडतं?

फुप्फुसातल्या श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. त्या सुजेमुळे नळ्या चिडक्या होतात. धूर, थंड हवा, फोडणीचा ठसका, सर्दीचा विषाणू असं काहीही लागलं की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि हवा बाहेर पडताना शिट्टीसारखा आवाज येतो. स्नायूंचं आवळणं काही मिनिटांत सुटू शकतं, सूज मात्र दोन झटक्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांतही तिथेच असते. "मला आता काही त्रास नाही" म्हणणाऱ्या रुग्णाच्या नळ्यांचे तुकडे तपासले तेव्हाही ती दिसली आहे. दम्याच्या उपचारातली प्रत्येक गोष्ट या एका मुद्द्यावरून ठरते.

सगळ्यांना घरघर होतेच असं नाही. काहींना फक्त कोरडी ढास लागते, तीही पहाटे ३-४ च्या सुमाराला किंवा जिना चढल्यावर. अशी ढास महिनाभर टिकली तर कफ सिरपच्या बाटल्या बदलत बसू नका, श्वासाची तपासणी करून घ्या.

ॲलर्जी आणि दमा एकच का?

नाही, पण दोघांची वाट बरीच एकत्र जाते. 'ॲलर्जी' ही संज्ञा व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये वापरली. शरीरात नेमकं काय घडतं ते कळायला आणखी ६० वर्षं गेली. १९६६-६७ च्या सुमाराला अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने आणि स्वीडनमध्ये उप्सालाला योहान्सन व बेनिख यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक नवं प्रतिपिंड (अँटिबॉडी) शोधलं. तेच आयजीई. परागकण किंवा धुळीतल्या किड्याचं प्रथिन शरीरात आलं की आयजीई त्याला पकडतं, ॲलर्जीच्या मास्ट पेशी फुटतात, हिस्टामीन नावाचं रसायन बाहेर पडतं. नाकात हे घडलं तर शिंका, त्वचेवर घडलं तर अंगावर पित्त उठतं, श्वासनलिकेत घडलं तर धाप.

लहानपणी सुरू झालेल्या दम्यात बहुधा ॲलर्जी असते. चाळिशीनंतर सुरू झालेल्या दम्यात ती अनेकदा नसते. नाकाची ॲलर्जी मात्र किरकोळ समजू नका. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ आलं, राय गवताचे परागकण ओलाव्याने फुटून त्यांचे बारीक कण हवेत पसरले, हजारो माणसं एकाच रात्री धापा टाकत रुग्णालयांत पोचली आणि १० जण दगावले. त्या रात्री आजारी पडलेल्यांपैकी अनेकांना आधी दमा ठाऊकच नव्हता, फक्त शिंकांचा त्रास होता.

आमच्या घरात कुणाला दमा नाही. मला कसा झाला?

घराण्याचा हिस्सा असतोच. २००७ मध्ये १७ व्या गुणसूत्रावरचा एक भाग लहानपणच्या दम्याशी जोडलेला सापडला आणि नंतर अनेक देशांत तेच दिसलं. पण एकट्या जनुकाने दमा होत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जन्मापासून पाहिलेल्या मुलांमध्ये, पहिल्या तीन वर्षांत साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसने ज्यांना घरघर झाली, त्यांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता जवळपास दहापट होती. शिवाय बालपणातला चुलीचा धूर, घरातली बिडी-सिगारेट, रस्त्यालगतचं घर, काहींच्या बाबतीत पीठगिरणी, सुतारकाम किंवा रंगफवारणीसारखा व्यवसाय. यातलं नेमकं कोणतं कारण तुमच्या बाबतीत लागू पडलं हे बहुतेक वेळा सांगता येत नाही, आणि उपचारासाठी ते कळायलाच हवं असंही नाही.

फार स्वच्छ राहिल्यामुळे ॲलर्जी वाढते, म्हणून मुलांना मातीत खेळवावं का?

खेळू द्या, पण औषध म्हणून नको. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये १७ हजारांहून जास्त ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. मोठी भावंडं जितकी जास्त, तितका परागज्वर कमी, असं त्यांना आढळलं. तिथून 'स्वच्छतेचा सिद्धांत' निघाला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली, आमिश आणि हटराइट. वंश जवळपास सारखा, आहारही सारखा. आमिश मुलांत दमा ५.२ टक्के, हटराइट मुलांत २१.३ टक्के. फरक गोठ्याचा होता. आमिश मुलं घराशेजारच्या गोठ्यात वावरतात, हटराइटांची शेती यंत्रांची आणि घरापासून लांब. आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंच्या आवरणाचे अंश जवळपास सातपट होते.

यातून एवढंच समजतं की अगदी लहान वयात जनावरांच्या सूक्ष्मजीवांशी आलेला संबंध प्रतिकारशक्तीला वेगळं वळण लावतो. कचरा, डासांच्या कॉइलचा धूर आणि सांडपाणी त्यात मोडत नाहीत. आणि दमा झाल्यावर मुलाला गोठ्यात पाठवून तो बरा होत नाही.

पंपाची सवय लागते म्हणतात. गोळीने भागत असेल तर पंप कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यावरचा गैरसमज सर्वांत जास्त जीव घेतो, म्हणून आकडे पाहू. नळी उघडणाऱ्या सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. पंपाचा एक पफ, म्हणजे एक फवारा, १०० मायक्रोग्रॅम. गोळी पोटातून रक्तात जाऊन साऱ्या अंगभर फिरते, म्हणून हात कापतात, छाती धडधडते, आणि गुण यायला अर्धा तास लागतो. पफ थेट नळीत जातो, गुण ५ मिनिटांत.

सुजेवरच्या स्टेरॉइडचंही तसंच. दम्याच्या झटक्यात दिली जाणारी स्टेरॉइडची गोळी, प्रेडनिसोलोन, ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम रोज. पंपातून ब्यूडेसोनाइड हे स्टेरॉइड बऱ्याच मोठ्या माणसांना दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. पंप टाळून वर्षातून तीन वेळा झटका येऊ देणारा माणूस गोळ्यांतून कितीतरी जास्त स्टेरॉइड खातो, आणि हाडं, साखर, मोतीबिंदू हे धोके त्या गोळ्यांचे आहेत.

सवय म्हणजे व्यसन या अर्थाने पंपाची सवय लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण सूज परत येते. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब वाढतो, तिला कुणी व्यसन म्हणत नाही.

स्टेरॉइडच्या पंपाने मुलांची उंची खुंटते का?

थोडी कमी होते, ते लपवून ठेवण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात मुलांना चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्यूडेसोनाइड दिलं आणि मोठी झाल्यावर मोजलं. सरासरी उंची १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी आज कमी मात्रा म्हणजे १०० ते २०० मायक्रोग्रॅम, म्हणून सर्वांत कमी पुरेशी मात्रा ठेवणं आणि दर तीन महिन्यांनी ती तपासणं हे डॉक्टरांचं काम. रात्र-रात्र न झोपलेलं, खेळायला न जाणारं मूलही नीट वाढत नाही.

निळा पंप घेतला की लगेच बरं वाटतं. तोच पुरे ना?

निळ्या पंपातलं सालब्युटामॉल आवळलेले स्नायू सोडवतं. सुजेला ते हातही लावत नाही. चार-सहा तास बरं वाटतं, तेवढ्यात आत सूज वाढत राहते, आणि एक दिवस पफ लागूच पडत नाहीत.

हे धडे फार महाग पडले आहेत. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर दम्याचे मृत्यू अचानक वाढले. १९८९ मध्ये फेनोटेरॉल या जोरकस पंपाशी त्यांचा संबंध दाखवला गेला, त्याच्या वापरावर बंधनं आली आणि मृत्यू उतरले. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या औषधांची नोंद मिळाली त्यांतल्या ३९ टक्के रुग्णांनी आधीच्या वर्षात १२ हून जास्त निळे पंप वापरले होते. उलट बाजूने, कॅनडातल्या २००० सालच्या अभ्यासात वर्षभरात वापरलेल्या प्रत्येक जादा स्टेरॉइड पंपामागे मृत्यूचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळलं.

म्हणून २०१९ पासून दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शनाने मोठी माणसं आणि किशोरवयीन मुलांसाठी निळा पंप एकटा देणं थांबवायला सांगितलं. त्याऐवजी ब्यूडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप येतो. फॉर्मोटेरॉल सालब्युटामॉलइतकंच झटपट नळी उघडतं आणि त्याच श्वासात सुजेवरचं औषधही आत जातं. सौम्य दम्यात तो फक्त लागेल तेव्हा, त्याहून जास्त दम्यात रोज सकाळ-संध्याकाळ आणि मध्ये लागेल तेव्हाही. ही मुभा फॉर्मोटेरॉलच्या पंपालाच आहे. साल्मेटेरॉल असलेला पंप उशिरा लागू पडतो, तो झटका आल्यावर वापरू नये. तुमच्या पंपावर यातलं कोणतं नाव आहे ते आजच वाचा.

स्वतःसाठी एक खूण ठेवा: वर्षात तीन किंवा जास्त निळे पंप संपले, तर दमा ताब्यात नाही.

पंप नीट घेतोय हे कसं ओळखायचं?

औषध बदलण्याआधी हे तपासलंच पाहिजे, कारण चुकीच्या पद्धतीत औषध जिभेवर आणि घशात बसतं. फवारा मारणारा पंप असेल तर:

१. झाकण काढा, आत काही अडकलं नाही ना बघा, जोरात हलवा. नवा किंवा बरेच दिवस पडून असलेला पंप असेल तर आधी दोन-चार पफ हवेत सोडा.
२. ताठ बसा, श्वास पूर्ण बाहेर सोडा.
३. पंपाचं तोंड तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा. सावकाश श्वास घ्यायला सुरुवात करताच एकदा दाबा आणि ३ ते ५ सेकंद हळू आत ओढत राहा.
४. १० सेकंद श्वास रोखा.
५. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा हलवा.
६. स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो.

दाबणं आणि ओढणं जुळत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ प्लास्टिकची नळी, घ्या. खरं तर मुलांना आणि वयस्करांना तो द्यायलाच हवा. एका वेळी एकच पफ सोडायचा. लहान मुलाला मास्क लावून ५-६ साधे श्वास पुरतात. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळू द्या. कापडाने पुसलात तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

कॅप्सूलच्या पावडरीचं उपकरण असेल तर सगळं उलट: हलवायचं नाही, त्यात फुंकायचं नाही, आणि श्वास जोरात व खोल ओढायचा. रोटाहेलरमध्ये कॅप्सूलची पारदर्शक बाजू खाली घालतात. ओढल्यावर आत पावडर उरली तर पुन्हा ओढा. कॅप्सूल गिळणारे रुग्णही भेटतात, ती गिळायची नसते. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात कॅप्सूल आधी काढून डबीत ठेवू नका. दमट हवेत पावडर गोळा होते आणि आत जातच नाही.

पंप संपला का हे पाण्यात तरंगतो का यावरून ओळखता येत नाही. आकडा दाखवणारा पंप घ्या, नाहीतर हिशेब करा: १२० पफचा पंप, सकाळी २, रात्री २, म्हणजे ३० दिवस. नंतरही फुसफुस येते, पण तो नुसता वायू असतो.

घरी झटका आला तर?

बसवा, झोपवू नका. निळा पंप स्पेसरमधून एकेक करत ४ पफ, प्रत्येक पफमागे ४ श्वास. ४ मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा ४ पफ आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर पडलेत, गुंगी येते, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९२ च्या खाली आहे, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका, पफ देत थेट रुग्णालय गाठा. आधी घरघरणारी छाती एकदम शांत झाली आणि माणूस मात्र थकत चालला, तर हवा जवळजवळ जातच नाहीये. ती सर्वांत वाईट खूण.

गरम पाण्याची वाफ यात उपयोगाची नाही. नेब्युलायझरची 'वाफ' वेगळी, तीत औषध असतं. पण सौम्य आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेले पफ तितकंच काम करतात.

निदानासाठी कोणती तपासणी?

एक्स-रे नव्हे, स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजणं. फुंकायचं, मग सालब्युटामॉलचे ४ पफ घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि निदान २०० मिलिलिटरने वाढली तर दम्याला भक्कम आधार मिळतो. बऱ्या दिवशी ही चाचणी सामान्य येऊ शकते, त्यावरून दमा नाही असं ठरत नाही. तेव्हा पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकण्याचा जोर मोजणारं छोटं उपकरण, घरी न्या. सकाळी आणि संध्याकाळी उभं राहून तीनदा फुंका, मोठा आकडा लिहा, दोन आठवडे. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतला फरक सरासरी १० टक्क्यांहून जास्त राहिला तर मोठ्या माणसात तो दम्याकडे बोट दाखवतो.

ॲलर्जीचं मोठं पॅनेल करून घ्यावं का?

लक्षणं विचारल्याशिवाय केलेलं पॅनेल, म्हणजे एकदम अनेक गोष्टींची चाचणी, बहुधा नुकसानच करतं. त्वचेवरच्या टोचणी चाचणीत १५-२० मिनिटांनी ३ मिलिमीटर किंवा जास्त गांधी उठली तर आयजीई आहे एवढंच कळतं. ती गोष्ट अंगाला लागल्यावर त्रास होतो का, हे तुमच्या अनुभवावरून ठरतं. चाचणीआधी सेटिरिझिनसारख्या गोळ्या ५ ते ७ दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर काहीच उठत नाही. रक्तातलं एकूण आयजीई जंतांमुळेही वाढतं. आणि खाण्याच्या पदार्थांचं आयजीजी पॅनेल करू नका. आयजीजी हे वेगळं प्रतिपिंड, म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता याची खूण. त्या कागदावरून दूध, गहू, अंडी, डाळ बंद केलेली मुलं कुपोषित होतात. दही-केळं खाल्ल्याने दमा होतो यालाही आधार नाही.

मृगाच्या दिवशीचा मासा, आयुर्वेदिक पुड्या?

हैदराबादला दर जूनमध्ये मृगावर जिवंत मासा गिळायला महाराष्ट्रातूनही माणसं जातात. त्याने दमा बरा होतो हे कोणत्याही नियंत्रित चाचणीत दिसलेलं नाही. ज्यांना जायचं आहे त्यांना एकच विनंती, पंप बंद करू नका. नाव-घटक नसलेल्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा गुण आला तर मात्र सावध व्हा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे, आणि ते अचानक थांबवलं तर जिवावर बेततं.

घरात काय बदलावं?

पहिला धूर. एका मच्छर कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले आहेत. मच्छरदाणी लावा. उदबत्ती, धूप, घरातली सिगारेट बंद. मग झुरळं: अमेरिकेतल्या शहरी वस्त्यांमधल्या १९९७ च्या अभ्यासात झुरळांची ॲलर्जी असलेली आणि घरात झुरळं असलेली मुलं जास्त वेळा रुग्णालयात गेली. फवारणी नको, जेल वापरा आणि खरकटं रात्री ठेवू नका.

धुळीतले किडे गादी-उशीत राहतात, दमट हवेत वाढतात. हे १९६४ च्या सुमाराला नेदरलँड्समधल्या लायडनला कळलं. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुतले तर ते मरतात. पण नुसतं महागडं गादी-कव्हर घेऊन थांबू नका. १,१२२ मोठ्या माणसांवरच्या २००३ च्या ब्रिटिश चाचणीत कव्हरांनी काहीच फायदा झाला नाही. गाजर गवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते फुलण्याआधी, हातमोजे घालून, दुसऱ्याकडून उपटून घ्यावं.

ॲलर्जीची लस घ्यावी का?

लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांची इंजेक्शनं दिली, तीच ही पद्धत. एक-दोन ठळक कारणं असतील आणि औषधांनी पुरेसं भागत नसेल तर उपयोग होतो. निदान ३ वर्षं घ्यावी लागते. १५-२० गोष्टी एकाच कुपीत घातलेली लस घेऊ नका. दमा ताब्यात नसताना ती धोक्याची आहे. प्रत्येक टोचणीनंतर ३० मिनिटं दवाखान्यातच थांबा आणि तिथे ॲड्रेनालिन तयार आहे का ते आधी विचारा. गंभीर ॲलर्जीत मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, ताबडतोब. ॲव्हिल आणि स्टेरॉइडची सुई त्याची जागा घेऊ शकत नाही.

मॉन्टेलुकास्टची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे. चालेल?

दम्यात ती स्टेरॉइड पंपापेक्षा कमी पडते. मार्च २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला: दुःस्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार. मूल गोळी सुरू झाल्यापासून झोपेत ओरडत असेल तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा.

नव्या इंजेक्शनांनी दमा बरा होतो का?

मुळासकट नाही, पण तीव्र दम्यात झटके आणि स्टेरॉइडच्या गोळ्या खूप कमी होतात. यातल्या मेपोलिझुमॅबची गोष्ट शिकण्यासारखी आहे. सरसकट रुग्णांवर ते आधी निष्फळ ठरलं. २००९ मध्ये इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले रुग्ण निवडून पुन्हा दिलं, तेव्हा झटके स्पष्ट कमी झाले. औषध तेच होतं, रुग्ण निवडायची रीत बदलली. आयजीईवरचं ओमालिझुमॅब अमेरिकेत २००३ पासून, मेपोलिझुमॅब २०१५ पासून आहे. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या १५८ रुग्णांच्या चाचणीत झटक्याच्या वेळीच बेनरालिझुमॅब या अशाच औषधाचं एक इंजेक्शन दिलं. ९० दिवसांत उपचार फसण्याचं प्रमाण ४५ टक्के होतं, फक्त प्रेडनिसोलोन घेतलेल्यांत ७४ टक्के.

ही इंजेक्शनं महाग आहेत, म्हणून त्याआधी पंपाची पद्धत, रोजचा नेम, नाक आणि धूर या चार गोष्टी तपासून घ्या. मग साधी रक्ततपासणी: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले इओसिनोफिलची टक्केवारी. ८,००० पेशी आणि ६ टक्के म्हणजे ४८०. ३०० च्या वर आकडा असेल तर विचारण्यासारखं आहे. प्रेडनिसोलोन चालू असताना हा आकडा शून्याजवळ येतो आणि डॉक्टरही फसतात. त्यामुळे गोळ्या सुरू होण्याआधीचे जुने सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा आणि भेटीला नेताना वर लावा.